सेवा कोण करणार, आणि कशाची?

(बेंगळुरूत शिकणाऱ्या बेळगाव, बिदर, सोलापूर, लातूरकडच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



तुमच्यातल्या काहींनी बीएसडब्ल्यूला प्रवेश घेतलाय, काही विचारात आहेत. घरी पहिला प्रश्न आला असेल, ‘समाजकार्य तर आपण जयंतीला करतोच, त्याला डिग्री कशाला?’ प्रश्न रास्त आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर पुढे एमएसडब्ल्यू करू शकतो. मग तीन वर्षं आधीपासून का? माझं उत्तर, क्षेत्रकार्यासाठी. आठवड्यातले काही दिवस वस्तीत, दवाखान्यात, शाळेत जावं लागतं. अठराव्या वर्षी ही सवय लागली तर ती हाडात मुरते.

पण त्या वस्तीत आपण कोण म्हणून जातो? पुस्तकात ज्याला ‘लाभार्थी’ म्हणतात, तो आपल्या आत्याच्या घरातला माणूस असतो. इथे मला एक पत्र आठवतं.

पुणे करार सप्टेंबर १९३२ चा. त्यानंतर अस्पृश्यता निवारणासाठी एक संघ निघाला, पुढे त्याचं नाव हरिजन सेवक संघ झालं. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून बाबासाहेबांनी संघाचे सचिव ठक्कर यांना लिहिलं. मुद्दा असा : माणूस दैन्यात आहे तो त्याच्या अंगच्या दोषामुळे, असं मानलं तर तुम्ही त्याला दारू सोडायला सांगाल, वाचनालय काढाल. दोष भोवतालच्या परिस्थितीत आहे असं मानलं तर विहीर, शाळा, चावडी यांवरच्या हक्कासाठी लढावं लागेल. बाबासाहेबांनी दुसरी बाजू घेतली. कामाला माणसं अस्पृश्यांमधूनच घ्या, हेही सुचवलं. पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं त्यांनी १९४५ च्या ग्रंथात नोंदवलंय.

चारच वर्षांनी, १९३६ साली, मुंबईत समाजकार्याची देशातली पहिली संस्था उभी राहिली, आजची टिस. व्यक्तिसहाय्यकार्य, गटकार्य, समुदाय संघटन या पद्धती बऱ्याचशा अमेरिकेतून आल्या. त्या शिकाच, कामाच्या आहेत. फक्त हे पत्र शेजारी ठेवून शिका.

म्हणजे काय, ते याच शहरात बघा. पहाटे रस्ते झाडणारे पौरकार्मिक. बहुतेक दलित, त्यात बाया जास्त. क्षेत्रकार्याच्या वहीत ‘समस्या : नवऱ्याचं व्यसन, उपाय : समुपदेशन’ असं लिहून सही मिळते. पण पगार किती, हातात किती पडतो, हातमोजे मिळतात का, लघवीला कुठे जाता, हे विचारलंत तर वही वेगळी होते. जुलै २०२२ मध्ये याच कामगारांनी कायम नोकरीसाठी संप केला, सरकारला आश्वासन द्यावं लागलं. समुदाय संघटनाचा एवढा ताजा धडा तुम्हाला वर्गात मिळायचा नाही. आणि इथून शंभरेक किलोमीटरवरच्या कोलार गोल्ड फिल्ड्समधले बेझवाडा विल्सन! हाताने मैला काढणाऱ्या घरातला हा मुलगा. सफाई कर्मचारी आंदोलनासाठी २०१६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता थोडं पोटापाण्याचं. नुसत्या बीएसडब्ल्यूवर संस्थांमध्ये क्षेत्रीय कामाच्या नोकऱ्या मिळतात, पगार बेताचाच. दवाखान्यात किंवा कारखान्यात कामगार कल्याणाच्या जागेवर जायचं तर बहुतेक ठिकाणी एमएसडब्ल्यू मागतात. घरी हे आधीच सांगा, पहिल्या पगाराची वाट बघणारे डोळे असतात.

दाखल्याचं नीट ऐका. महाराष्ट्राचा अनुसूचित जातीचा दाखला कर्नाटकच्या राज्य कोट्यात चालत नाही, जात दोन्ही यादीत असली तरी. केंद्रीय संस्थांत चालतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी, ते राज्य देतं. म्हणून सोलापूर-लातूरवाल्यांनी फी भरण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. बेळगाव-बिदरवाल्यांचा प्रश्न वेगळा, तुमचा दाखला इथलाच.

आणि कन्नड शिका. वस्तीत तमिळ, तेलुगू, दखनीही बोलतात, हिंदीवर थोडं निभावतं; पण पोलीस ठाण्यात आणि रेशन कार्यालयात बाईच्या वतीने बोलायचं तर कन्नडच लागते.

चहा होईपर्यंत मी इथेच आहे. ज्यांनी दाखले आणलेत त्यांनी दाखवा, अर्ज बसून भरू. जय भीम.