मुलांना डोंगरावर नेणारीं माणसें

सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूर हें कमंडलू नदीच्या कांठचें गांव. पुणें-मिरज लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे, आणि सकाळीं निघून सांजवेळीं घरीं परतण्याजोगे डोंगर त्याच्या आसपास पुष्कळ आहेत. जरंडेश्वराचा मारुति, पंढरपूरच्या वाटेवरील वर्धनगड, कोरेगांवच्या पलीकडचा कल्याणगड, अशीं हीं ठिकाणें. थंडी पडूं लागली कीं मुलांच्या सहली निघतात, आणि मग एकच प्रश्न उभा राहतो: मुलांबरोबर जाणार कोण? एखादे शिक्षक, पतपेढींतले कारकून, एखादा दुकानदार, हौशी गृहिणी असे चारचौघे पुढें होतात. त्यांना पगार नाहीं, मानधन नाहीं; मुलांचा लोभ एवढेंच त्यांचें भांडवल. अशा माणसांविषयीं आदर वाटावा हें योग्यच आहे. परंतु मुलांवर लोभ असला म्हणजे मुलें संभाळतां येतात असें मात्र नव्हे.

"आम्ही लहानपणीं अनवाणी गड चढलों, आमचें काय बिघडलें?" हा युक्तिवाद अशा वेळीं हमखास ऐकूं येतो. त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नाहीं. पण तो मुलगा दोघां भावंडांबरोबर, ओळखीच्या वाटेनें, स्वतःच्या पायांवर विसंबून जात होता. तोच आतां प्रौढ होऊन दुसऱ्यांचीं तीस मुलें घेऊन निघतो. त्याचे स्वतःचे पाय कितीही पक्के असोत, त्या तीस मुलांच्या पायांविषयीं ते कांहींच सांगत नाहींत. कोणाला दम्याचा विकार, कोणाला उंचीची भीति, आणि एखादा तर न सांगतां मागें रेंगाळणारा.

हा भेद जगाला एकदम कळला नाहीं. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी भरविली, आणि त्यापुढें बालवीरांचीं पथकें इतक्या झपाट्यानें निघालीं कीं त्यांना जाणते नायक पुरेनात. १९१२ च्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या एका पथकाची नाव लेस्डाउनजवळ समुद्रांत उलटून नऊ मुलगे बुडाले. पुढें १९१९ सालीं लंडनजवळ गिलवेल येथें प्रौढ नायकांचें शिक्षण सुरू झालें. तेथील रीत मोठी मार्मिक होती. नायक होऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांना मुलांप्रमाणेंच टोळ्यांत विभागीत, तंबूंत झोपवीत, स्वतःची चूल पेटवावयास लावीत. ओल्या लांकडांवर भात शिजवून पाहिलेल्या माणसाला, दहा वर्षांचें मूल दिवेलागणीस रडकुंडीला कां येतें, हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

आपल्याकडे दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ सालीं आणि उत्तरकाशीची १९६५ सालीं निघाली. तेथेंही प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रमांखेरीज, शिकवावें कसें याचा एक अभ्यासक्रम निराळा ठेवलेला आहे. स्वतः उत्तम चढणारा मनुष्य दुसऱ्याला चढवूं शकेलच, असें त्या संस्था गृहीत धरीत नाहींत.

दुर्घटना आपल्याकडेही झाल्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे चौदा महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रांत बुडाले. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठीं नियम काढले, २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. हें आवश्यकच होतें. पण नियम वाचून कोणाला ओढ्याच्या पाण्याचा अंदाज येत नाहीं.

तो यावा म्हणून स्वयंसेवकांनीं आधीं मुलांवांचून डोंगर चढला पाहिजे. वर्धनगडावर मुलांना न्यावयाचें असेल, तर आठवडाभर आधीं चौघांनीं ती वाट, त्याच वेळीं, मुलांच्या चालीनें चालून यावें. पिण्याजोगें पाणी कोठें, कठडा नसलेलें टांकें कोठें, कड्याला आग्या मोहोळ लोंबते आहे काय, दूरध्वनि कोठपर्यंत लागतो, हें सारें टिपून घ्यावें. कल्याणगडावर तर पाण्यानें भरलेलें एक काळोखी भुयार आहे, आणि आंत मूर्ति आहेत. मुलांना त्याची ओढ वाटणारच. पुढें कोण जाणार, शेवटीं कोण राहणार, एका वेळीं कितीजणांना आंत सोडावयाचें, विजेरी विझली तर दुसरी कोणापाशीं, हें भुयाराच्या तोंडाशीं तीस मुलें गलका करीत असतां ठरवूं म्हटल्यास ठरत नाहीं.

पाण्याचें शिक्षण रहिमतपुरांतच घेतां येईल. कमंडलूच्या कांठीं उभें राहून ठराविक अंतरावरील मडक्यापाशीं दोर फेकण्याचा सराव करावा. पहिल्या दिवशीं दहांतले दोनही दोर जागेवर पडत नाहींत, आणि ही नामुष्की फार उपयोगी असते. बुडणाऱ्यामागें पट्टीच्या पोहणाऱ्यानेंही एकदम उडी घेऊं नये. काठी पुढें करावी, दोर टाकावा, रिकामा बंद डबा फेकावा, ही गोष्ट हातांत मुरल्यावांचून ऐन वेळीं आठवत नाहीं. सर्पदंशाचेंही तसेंच. चिरा देणें, करकचून बांधणें, विष चोखणें हे सारे प्रकार घातक आहेत. दंश झालेला अवयव हलूं न देतां मुलाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत नेणें, हाच उपाय. तें प्रतिविष जवळ कोठें मिळेल याची चौकशी निघण्यापूर्वीं व्हावयास हवी.

पालकांना बोलावयास संकोच वाटतो अशीही एक गोष्ट आहे. कोणत्याही प्रौढानें एकट्या मुलाबरोबर एकान्तांत राहूं नये. निदान दोघे मोठे असावेत. हा कोणा सज्जनावरचा अविश्वास नव्हे. नियम सर्वांना सारखा असला कीं कोणी अपमान मानण्याचें कारण उरत नाहीं.

या सगळ्याहून कठीण शिक्षण परत फिरण्याचें. वैशाखांत दुपारीं वळवाचे ढग जमूं लागले आहेत, माथा अवघ्या अर्ध्या तासावर आहे, मुलें "थोडेंच राहिलें" म्हणून हट्ट धरून बसलीं आहेत, पालकांनीं वर्गणी दिलेली आहे. अशा वेळीं "उतरा" म्हणणारा मनुष्य सर्वांना भित्रा वाटतो, आणि पुष्कळदां स्वतःलाही. म्हणून परतीची वेळ सकाळीं पायथ्याशींच मुलांना सांगून टाकावी. मग ती कोणाच्या धैर्याची कसोटी होत नाहीं. सरावाच्या फेरींतही एकदां माथ्याखालून मुद्दाम परतावें. स्वयंसेवक कुरकुरतात. ज्याला त्या दिवशीं फारच राग येतो, त्याच्या हातीं तूर्त मुलें न दिलेलीं बरीं.

बिनपगारी काम करणाऱ्यांकडून आणखी तीनचार रविवार मागणें कांहींना जाचक वाटेल, आणि दोघेचौघे गळतीलही. उरलेल्यांनीं मुलें कमी न्यावीं, आणि त्यांची मोजणी वरचेवर करावी: निघतांना, पाण्यापाशीं, माथ्यावर, उतरल्यावर, गाडींत बसण्यापूर्वीं. मुलांच्या नांवांची यादी, जाण्यायेण्याची वाट आणि परतण्याची वेळ लिहिलेला एक कागद गांवांत राहणाऱ्या कोणा एकापाशीं असावा. ठरलेली वेळ टळून इतका अवधि लोटला आणि निरोप आला नाहीं, तर त्यानें प्रथम कोणाला कळवावयाचें, हेंही त्याच कागदावर लिहावें.