गाभाऱ्यातील शांतता
(जीर्णोद्धार समारंभात केलेल्या भाषणावरून)



मंदिराचे काम उत्तम झाले. त्याविषयी इतर वक्ते बोललेच आहेत. मला बोलायचे आहे ते मंदिरातल्या दुपारच्या वेळेविषयी.

आज स्वस्थता कोणाला आहे? मुंबईकर मंडळी पहाटेची लोकल धरतात. पण गावातले तरी निवांत आहेत असे समजू नका. वीज रात्री येते म्हणून रात्री पिकाला पाणी द्यायचे, पहाटे डेअरीवर दूध घालायचे, आणि उरलासुरला वेळ हातातला मोबाईल खातो. पारावर अजूनही चार माणसे बसतात, पण माना खाली घालून! मग अशा माणसाने हिमालयात जावे काय? तुकोबांनाही दुकान होते, बायकामुले होती. ते देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसत आणि कीर्तनाला पुन्हा लोकांतच येत. आपल्या गावाला डोंगर नाही. आहे तो हा गाभारा.

हा बांधताना जुन्या लोकांनी केवढा विचार केला होता पाहा. जाड दगडी भिंती, खिडकी नाही, दार ठेंगणे, उजेड समईचा. डोळ्यांपुढे एक मूर्ती, कानांवर काही नाही. घंटा एकदाच वाजवावी आणि नाद पुरता विरेपर्यंत उभे राहावे. कान त्या नादामागे जातो आणि मनही घटकाभर थांबते. करून पाहावे, त्याला पैसा पडत नाही.

आता थोडे अप्रिय बोलतो. काही दात्यांनी मोठ्या प्रेमाने ध्वनिक्षेपक आणि विजेवर चालणारा नगारा-घंटेचा संच देऊ केला आहे. त्यांचा भाव मी जाणतो. पण दगडी वास्तूत आवाज घुमतो, शब्दात शब्द मिसळतो, आणि आरती काय चालली आहे तेच कळत नाही. यंत्र वाजू लागले की टाळ धरायला पोरे कशाला येतील? शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे पहाटेच्या काकड्याला त्याचा तसाही उपयोग नाही.

ज्याच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, ज्याला कर्जाने झोप नाही, त्याने बसावे कोठे? घरच्या चार माणसांत त्याला धड रडताही येत नाही. मंदिर दुपारी बंद असते. माझी विश्वस्तांना विनंती आहे की दुपारी १ ते ४ दार उघडे ठेवावे. त्या वेळात आरती नाही, प्रवचन नाही, कोणी कोणाला काही विचारणे नाही. मोबाईल ठेवण्यासाठी दाराशी एक लाकडी फडताळ करावे. संचासाठी काढलेल्या पैशांत ते होईल, आणि सभामंडपाला चांगल्या सतरंज्याही येतील.

दाते समोरच बसले आहेत. कोणाला राग आला असल्यास महाप्रसादाच्या पंगतीत मला जरूर सांगावे. मी वाढायलाच उभा आहे.