सिकलसेल : खापर बाईवरच का?

(महिला मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेलं भाषण, टेपवरून उतरवून घेतलेलं.)



सकाळपासून सगळे दावे आणि पट्ट्यांवर बोलले. मी सिकलसेलवर बोलणार. विषय वेगळा वाटेल, पण तोही शेवटी पट्ट्यापाशीच येतो. मला स्वतःला एसएस आहे, म्हणजे पूर्ण आजार. चाळिशी ओलांडली, दोन पोरं आहेत. "असली पोरगी जगत नाही" असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे बोट दाखवा.

आजार काय आहे? चांगल्या रक्तपेशी गोल, मऊ असतात, बारीक नसांतून सरकत जातात. आमच्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. नसेत अडकल्या की पुढं रक्त जात नाही, मग हाडं कुणी ठेचतंय असं दुखतं. त्या लवकर मरतात म्हणून रक्त कमी पडतं, डोळे पिवळे दिसतात. आपल्याकडे लगेच म्हणतात, डाकीण लागली. डाकीण-बिकीण काही नाही. त्या नावाखाली दुसऱ्याच एखाद्या बाईचा जीव जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा गुण आपल्या रक्तात आला त्याला कारण आहे. जंगलात हिवताप फार. ज्यांच्यात सिकलसेलचा एकच गुण होता, म्हणजे एएस, ते जोराच्या हिवतापातून वाचले, त्यांची पोरं वाढली. पण आई-बाप दोघांकडून गुण आला की पोर एसएस होतं. त्याला हिवताप सोसत नाही, म्हणून त्याला मच्छरदाणी आधी.

आता देजाचं बोलते. सून सारखी दुखणाईत, म्हणून पंच बसवतात आणि म्हणतात, मुलगी खोटी निघाली, देज परत द्या. पोर आजारी निघालं तरी बोट आईकडेच. अरे, एसएस पोर एकट्या आईकडून होतच नाही! एक गुण बापाचा लागतोच. दोघं एएस असले तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता एसएसची. एकाला झाला म्हणजे पुढची तीन सुटली, असंही नाही, दर वेळी हिशेब नव्यानं. पंचांना माझं म्हणणं एवढंच, देज ठरवण्याआधी दोघांचं रक्त तपासा. पोरीचंच का? पोराला सुईची भीती वाटते का? आणि दोघं एएस निघाले म्हणून त्यांना कुणी जबरदस्तीनं तोडू नये. त्यांना समजावून सांगा, पुढचं ते ठरवतील.

आता घरातलं. आम्हाला पाणी भरपूर प्यावं लागतं, दिवसभर, तहान नसली तरी. पण झऱ्यावरून हंडा आणते बाई, आणि सगळ्यात कमी पिते तीच. एसएस पोरीला उन्हात लांबून पाणी आणायला लावू नका. थंडीत पहाटे नदीत आंघोळ नको, दुखणं उठतं. रोजगार हमीच्या कामावर सावली आणि प्यायचं पाणी कायद्यानं द्यावं लागतं, ते मागून घ्या. पाळीच्या दिवसांत पुष्कळ जणींचं दुखणं वाढतं. त्याला नाटक म्हणू नका, गरम शेक द्या, पडू द्या.

फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील तशी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी. कुणाला हायड्रॉक्सीयुरिया सुरू असेल तर रक्त तपासत राहावं लागतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली तर सकाळची वाट बघू नका. भगताकडे जायचं तर नंतर जा, आधी दवाखाना. दिवस राहिले की पहिल्याच महिन्यांत सिस्टरला सांगा, मी एसएस आहे. बाळंतपण घरी नको, रक्त मिळेल अशा दवाखान्यात करा. माझी दोन्ही तशीच झाली. पाळणा लांबवायला माला-डी मनानं घेऊ नका, तिनं रक्त गोठायचा धोका वाढतो. दुसरे उपाय आहेत, विचारा.

आता पट्टा. 2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलंय, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या. हे आजारी बाईला सगळ्यात जास्त लागतं. तिला रोजची मजुरी जमत नाही, म्हणून ती "बसून खाते" असं ऐकते. कागदावर नाव असलं की ती स्वतःच्या जमिनीचं खाते. हाकलायला निघालेला माणूसही दोनदा विचार करतो. आपल्याच काही गावांत अजून दाव्यावर फक्त पुरुषाचं नाव आहे. वनहक्क समितीनं ते कागद पुन्हा काढून बघावेत.

पुढच्या बैठकीला तपासणीची नावं लिहून घेणार आहोत. येताना नवऱ्यांना घेऊन या. लग्नाच्या पोरांना तर नक्कीच.

जिंदाबाद!