नेम बरोबर, फोकस चुकीचा

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘पक्षी काय सुरेख बसला होता हो, पण फोटो हलला!’ मग हात थरथरला, श्वास सुटला, होडी डुचमळली, अशी कारणं तो बिचारा स्वतःच देऊ लागतो. आज मला त्याची बाजू मांडायची आहे. कारण पुष्कळदा फोटो हललेलाच नसतो. फोकस चुकलेला असतो, आणि तोही त्याच्या हातून नव्हे, तर त्याचा कॅमेरा आणि त्याची लेन्स यांचं आपसात नीट जमत नाही म्हणून.

हे दोन दोष वेगळे कसे ओळखायचे? फोटो संगणकावर मोठा करून पाहा. हललेल्या फोटोत सगळंच एका दिशेनं फरकटलेलं दिसतं. डोळ्यातला चमकीचा ठिपका रेघेसारखा लांबट होतो. फोकस चुकला असेल तर मात्र चित्रात कुठे ना कुठे काहीतरी लख्ख असतं. भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा असलेला रोहित पक्षी तुम्ही टिपला. पक्षी धूसर आला, पण त्याच्यापुढे हातभर अंतरावरचे पाण्याचे तरंग स्वच्छ आले, तर फोकस पुढे पडला. मागचे तरंग स्वच्छ असतील तर मागे पडला. छायाचित्रकार याला फ्रंट फोकस आणि बॅक फोकस म्हणतात. तेव्हा पक्षी बिघडला म्हणून फोटो लगेच पुसून टाकू नका. त्यात काय नीट आलंय, ते आधी शोधा.

आता हे का होतं, ते पाहू. मी बोलतोय ते आरसा असलेल्या, म्हणजे डीएसएलआर कॅमेऱ्यांबद्दल. लेन्समधून आत आलेला उजेड तिरप्या आरशावर पडतो आणि बराचसा वर, आपल्या डोळ्याकडे जातो. पण या आरशाचा मधला भाग थोडा पारदर्शक असतो. तिथून निसटलेला उजेड मागच्या एका चिमुकल्या आरशावर आपटून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरवर जातो. लेन्सची भिंगं किती सरकवायची, हे तिथे ठरतं. आपण बटण दाबलं की दोन्ही आरसे बाजूला होतात आणि चित्र उमटतं ते पाठीमागच्या मोठ्या सेन्सरवर. म्हणजे मोजमाप होतं एका जागी आणि चित्र तयार होतं दुसऱ्या जागी! दोन्ही जागा लेन्सपासून अगदी सारख्या अंतरावर असल्या, तरच मोजलेलं आणि मिळालेलं जुळणार. किती सारख्या? एफ ५.६ या अॅपर्चरला सेन्सरपाशी मिळणारी सूट साधारण एक दशांश मिलिमीटर पुढे किंवा मागे एवढीच असते. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी म्हणा ना.

कारखान्यात कॅमेरा एका मर्यादेत अचूक बनवतात, लेन्सही एका मर्यादेत अचूक बनवतात. दोघंही आपापल्या परीक्षेत उत्तीर्ण. पण कॅमेऱ्याची बारीकशी चूक एका बाजूला आणि लेन्सचीही नेमकी त्याच बाजूला असली, की दोन्हींची बेरीज फोटोत दिसते. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये ती लपत नाही. ६०० मिलिमीटरची लेन्स, एफ ६.३ अॅपर्चर, बहुतेक हौशी लोकांकडे असतो तसा एपीएस-सी आकाराचा सेन्सर, आणि पक्षी १० मीटरवर, असा हिशेब केला तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे ७ सेंटिमीटरचा भरतो. आपला खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटरच्या आसपास. तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल, तर अख्खा पक्षी स्पष्ट येणं मुळातच शक्य नाही. त्यात हा पट्टा चार बोटं पुढे सरकला, की संपलंच.

फिल्मच्या काळात याची एवढी ओरड नव्हती. १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा आला आणि आपोआप फोकस करणारे कॅमेरे हळूहळू रुळले. पण तेव्हा आपण पोस्टकार्डाच्या आकाराचे प्रिंट बघत होतो. आज दोन कोटी ठिपक्यांचं चित्र पडद्यावर ताणून पक्ष्याची पापणी शोधतो. ही गरज ओळखून २००७ साली कॅननच्या १डी मार्क ३ आणि निकॉनच्या डी३ व डी३०० या कॅमेऱ्यांत एक सोय आली. मेनूत जाऊन त्या त्या लेन्ससाठी उणे २० ते अधिक २० यांपैकी एक आकडा भरायचा. कॅमेरा आपल्या मोजमापात तेवढी दुरुस्ती करून घेतो. पुढे ही सोय मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांतही आली, पण स्वस्तातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत ती कधी दिलीच नाही. कॅननच्या ५०डी मध्ये ती होती, ६०डी मध्ये काढली आणि ७०डी मध्ये परत दिली. ग्राहकाला काय हवंय, हे कधीकधी असं उशिरा कळतं!

आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या गटात एक तरुण आहे. पतसंस्थेत नोकरी करतो. त्यानं हप्त्यांवर १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. चार महिने फोटो धूसर येत होते, आणि त्याला सल्ले मिळत होते ते हात स्थिर ठेवण्याचे. अखेर हप्ते बाकी असतानाच तो ती लेन्स निम्म्या किमतीत विकायला निघाला. मी म्हटलं, ‘अरे, विकण्याआधी एक सकाळ मला दे.’

आम्ही केलं ते कोणालाही गच्चीवर करता येईल. रविवारच्या पेपराचं ठळक मथळ्याचं पान एका पुठ्ठ्यावर ताणून चिकटवलं आणि लेन्सच्या बरोबर समोर उभं केलं. शेजारी दोनेक फूट लांबीची फळी तिरपी ठेवून तिच्यावर शिंप्याची टेप लावली, टेपचा मधला आकडा पानाच्या रेषेत. फोकस करायचा तो सपाट पानावर, टेपवर नव्हे. पुष्कळजण थेट तिरप्या पट्टीवर फोकस करतात आणि फसतात. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो त्या चौकोनापेक्षा फोकसच्या सेन्सरचा खरा टापू मोठा असतो, त्यामुळे तो पट्टीवरची नेमकी कोणती रेघ पकडेल हे सांगता येत नाही.

अंतर १५ मीटर ठेवलं. फोकल लांबीच्या २५ ते ५० पट असा ढोबळ नियम आहे. माझं मत विचाराल तर, आपण एरवी ज्या अंतरावरून फोटो काढतो तेच चाचणीला घ्यावं. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर, थरथर रोखणारी सोय बंद, अॅपर्चर पूर्ण उघडं, फक्त मधला फोकस बिंदू, आणि बटण हातानं न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर. दर फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि कॅमेऱ्याला तो पुन्हा शोधायला लावायचा. असे आठ-दहा फोटो. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून आणखी चार. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर गेलेला असतो आणि फोकस थेट मोठ्या सेन्सरवरच मोजला जातो, म्हणजे तिथे दोन जागांचा प्रश्नच उरत नाही.

खरा निकाल इथेच लागतो. लाइव्ह व्ह्यूचे फोटोही धूसर आले तर दोष लेन्सच्या भिंगांत किंवा दुसरीकडे कुठेतरी आहे, आकडे बदलून काही होणार नाही. ते स्वच्छ आले आणि एरवीचे फोटो दरवेळी एकाच बाजूला तेवढेच चुकले, तर ते पाच मिनिटं पुढे असलेल्या घड्याळासारखं आहे. काटा फिरवला की काम झालं. पण एकदा पुढे, एकदा मागे, असं होत असेल, तर तिथे कुठलाच आकडा उपयोगी नाही.

आमच्या गड्याचे फोटो दरवेळी पुढेच पडत होते. पुढे पडणाऱ्या फोकसला अधिकचा आकडा लागतो, त्यानं फोकस मागे सरकतो. आधी ५, मग १०, मग मधले, असं करत ६०० मिलिमीटरला अधिक ९ जमलं. त्यानं लेन्स विकली नाही.

पण झूम लेन्सची खरी गोम पुढेच आहे. तीच लेन्स ३०० वर अधिक ३ मागत होती आणि १५० वर शून्य. झूम फिरवताना आतली भिंगं सरकतात, म्हणून चूकही बदलते. २०१२ च्या कॅनन १डी एक्स आणि ५डी मार्क ३ पासून काही कॅमेऱ्यांत झूमच्या दोन टोकांना दोन आकडे देता येऊ लागले. सिग्मानं २०१३ साली लेन्स संगणकाला जोडणारी एक चकती काढली. तिच्यामुळे त्यांच्या नव्या झूम लेन्समध्ये चार फोकल लांबी आणि चार अंतरं अशा सोळा ठिकाणी दुरुस्ती करता येते. टॅमरॉनचं तसं उपकरण २०१६ मध्ये आलं. आमच्या गड्याच्या कॅमेऱ्यात मात्र एकाच आकड्याची जागा. त्यानं ९ ठेवला. दहातले नऊ फोटो तो ६०० वरच काढतो, आणि १५० वर तळ्याचा देखावा घ्यायचा असेल तर अॅपर्चर एफ ११ पर्यंत बारीक करतो. त्यात ती तूट बरीचशी झाकली जाते.

हा सगळा खटाटोप सकाळी लवकर करावा. गच्ची तापली की हवा लहरू लागते आणि मग दिसते ती हवेची करामत. ताडोबाच्या मे महिन्यातल्या दुपारचे धूसर वाघ बहुधा याच खात्यात जातात. घरात पिवळ्या बल्बखाली केलेली चाचणीही उन्हात जुळेलच असं नाही. आणि अधिक ८ की अधिक ९ यावर रात्र जागवू नये. पक्षी सोडून टेपपट्टीचेच फोटो काढत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आता आरसा नसलेल्या, मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस मोठ्या सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून ही भानगड जवळजवळ संपली आहे. पण सधन मंडळी तिकडे वळल्यामुळेच जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लांब लेन्स स्वस्तात विकायला येतात. नवी मुलं त्या घेतात, आणि कॅमेरा एकाचा, लेन्स दुसऱ्याची अशी जोडी जमते. अशी खरेदी केलीत तर आधी मेनूतलं ते पान उघडा. दुरुस्तीचा आकडा कॅमेऱ्यात साठवलेला असतो. काही जुने कॅमेरे एकाच प्रकारच्या दोन लेन्समधला फरक ओळखत नाहीत. आधीच्या मालकानं आपल्या लेन्ससाठी भरलेला उणे १२ तुमच्या निर्दोष लेन्सला लागू होत असेल! तो शून्य करा आणि मगच चाचणी घ्या. टेलिकन्व्हर्टर लावत असाल तर त्याच्यासह वेगळी चाचणी लागेल.

आणि आकडा २० पर्यंत नेऊनही फोकस जुळत नसेल, तर सर्व्हिस सेंटरला जाणं भाग आहे. तिथे लेन्स एकटी देऊ नका, ती ज्या कॅमेऱ्यावर लावता तो कॅमेराही द्या, आणि गच्चीवर काढलेले पेपराचे ते फोटो कार्डावर तसेच राहू द्या.