सूक्ष्म वाहिनीतील विलगन आणि त्याचे भाकीत



आजच्या विषयाचे नाव अवघड आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आहे. मिश्रणातील दोन द्रव्ये किती स्वच्छ वेगळी होतील, हे प्रयोगापूर्वी कागदावर सांगता येईल काय?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. औषधात एखादे अपायकारक द्रव्य लेशमात्र मिसळलेले असते. मुख्य औषधाचा पट्टा पसरट झाला, की शेजारचा बारीक पट्टा त्याखाली झाकला जातो आणि औषध शुद्ध असल्याचा निर्वाळा मिळतो. यंत्र खोटे बोलत नाही. त्याला ते दिसतच नाही.

मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतील रंगद्रव्ये भुकटीच्या स्तंभातून वेगळी केली आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. बाजारातून घोळका निघाला, की दुकानादुकानाशी थांबणारा मागे पडतो व न थांबणारा पुढे जातो, द्रव्यांचेही तसेच. परंतु एकाच द्रव्याचे सारे रेणूही एकाच क्षणी पोचत नाहीत. वाटेत पट्टा पसरतो. म्हणून विलगनाचे यश दोन गोष्टींवर ठरते : दोन पट्ट्यांत अंतर किती पडले, आणि प्रत्येकाचा पसारा किती झाला.

या पसाऱ्याचा हिशेब व्हॅन डीम्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडला. त्यांनी तीन कारणे सांगितली : भुकटीतील वाटांची असमानता, रेणूंचे स्वाभाविक विसरण, आणि द्रव व भुकटी यांच्यात ये-जा करण्यास लागणारा वेळ. प्रवाह मंद असेल तर दुसरे कारण बळावते, वेगवान असेल तर तिसरे. योग्य वेग या दोहोंच्या मध्ये असतो.

पुढे १९९० साली मान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सबंध विश्लेषण एका चिपवर आणण्याची कल्पना मांडली. १०० मायक्रोमीटर रुंद, १० मायक्रोमीटर खोल व १० सेंटिमीटर लांब अशी वाहिनी घ्या. पाण्याच्या एका साधारण थेंबात अशा सुमारे ५०० वाहिन्या भरतील! शिवाय लहानपणाचा मोठा लाभ असा, की अंतर दहापट घटले म्हणजे ते विसरणाने ओलांडण्याचा वेळ शंभरपट घटतो. लहान रेणूला द्रवात १०० मायक्रोमीटरसाठी सुमारे ५ सेकंद लागतात, तर १० मायक्रोमीटरसाठी एका सेकंदाचा विसावा भाग.

मग सारे सोपे झाले काय? नाही. चिप लहान, म्हणून लांब वाहिनीला वळणे द्यावी लागतात. अर्धवर्तुळाकार वळणावर बाहेरच्या कडेची वाट आतल्या कडेपेक्षा रुंदीच्या ३.१४ पट लांब असते. आपल्या वाहिनीत ३१४ मायक्रोमीटर. पट्टा तिरपा होतो.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. रुंद व उथळ वाहिनीत बाजूच्या भिंती इतक्या दूर असतात, की त्या हिशेबातून वगळाव्या असे कोणासही वाटेल. तथापि त्या भिंतींजवळ द्रव मंद वाहतो, आणि फार पसरट मोकळ्या वाहिनीत प्रवाहजन्य पसारा, केवळ वरखालची पृष्ठे धरून काढलेल्या आकड्याच्या जवळजवळ आठपट होतो. जी भिंत क्षुल्लक म्हणून सोडली, तीच निकाल फिरवते.

पसाऱ्यांची बेरीज करण्याचा नियमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परस्परांपासून स्वतंत्र असे पसारे वर्ग करून मिळवावे लागतात. वाहिनीचा पसारा ३ आणि जोडनळीचा ४, तर एकूण ५. वाहिनी कितीही सुधारली, तरी एकूण पसारा ४ च्या खाली जाणार नाही. म्हणजे सुधारणा कोठे करावी, हे भाकीतच सांगते.

१९९८ साली रेन्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकटीऐवजी चिपवरच सुबक खांबांच्या रांगा कोरल्या. पुढे ब्रुसेल्समध्ये देस्मेत यांच्या गटाने हा मार्ग बराच पुढे नेला. वाटा समान झाल्या, पहिले कारण दुबळे झाले. परंतु शेवटचा खांब आणि भिंत यांतील फट जरा चुकली, की तेथील प्रवाहाचा वेग बदलतो व पट्टा पुन्हा बिघडतो.

भाकीत आणि प्रयोग यांत तफावत पडली, तर निराश होण्याचे कारण नाही. ती तफावत म्हणजे आपण हिशेबात न धरलेल्या कारणाचा पत्ता होय. तो शोधणाऱ्याच्याच हातून उद्याच्या औषधाची परीक्षा विश्वासार्ह होईल.