नेणे आणि बरोबर जाणे

मूल पळविल्याची वार्ता कानी पडताच गृहस्थाच्या अंगावर काटा उभा राहतो, आणि तो राहावा हे स्वाभाविकच आहे. पोटच्या पोराला कोणी परका उचलून नेतो या कल्पनेपुढे विवेक क्षणभर पांगळा होतो. परंतु तोच क्षण किती घातक ठरू शकतो हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी दिसून आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या भागात पसरली होती. भिक्षेसाठी हिंडणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, त्या दिवशी गावात आले आणि एवढ्या संशयावरून जमावाने त्यांना ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळविलेले नव्हते. आपली बाजू मांडावयास त्यांना न्यायाधीशही मिळाला नाही व वकीलही मिळाला नाही. ज्या आरोपाची नुसती शंका एवढा अनर्थ करू शकते, त्या आरोपास न्यायालयात उत्तर काय असते, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

प्रथम गुन्हा कशास म्हणतात ते पाहिले पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेतील ३६१ वे कलम दीड शतकाहून अधिक काळ या देशात लागू होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून तिच्या १३७ व्या कलमात हाच गुन्हा सांगितलेला आहे. अज्ञान मुलास, अथवा भ्रमिष्ट माणसास, त्याच्या कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीवाचून, नेणे किंवा भुलवून नेणे, एवढे घडले की गुन्हा पुरा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वयाची मर्यादा आरंभी मुलास चौदा व मुलीस सोळा अशी होती. १९४९ मध्ये ती सोळा व अठरा अशी वाढविली गेली आणि नव्या संहितेने मुलगा-मुलगी हा भेद काढून दोघांसही अठराच ठेविली.

या व्याख्येत एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. मुलाची इच्छा काय होती, हे तीत कोठेच विचारलेले नाही. बळजबरी केली होती काय, हेही विचारलेले नाही. संमती हवी ती पालकाची. मूल हसत खेळत गेले असले तरी पालकाच्या नकळत त्यास नेणारा अपराधीच ठरतो. सज्ञान माणसाची गोष्ट निराळी. त्यास बळाने किंवा कपटाने एका जागेहून दुसरीकडे नेले, तर त्यामागे खून, डांबून ठेवणे, सक्तीचा विवाह असा काही दुष्ट हेतू सिद्ध झाल्याखेरीज या प्रकरणाखाली शिक्षा होत नाही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र कायद्याने पालकाचा हात मुलाच्या हातात आहे असे गृहीत धरले, आणि तो हात सोडविणाऱ्यास दोषी मानले. म्हणून ‘ती आपल्या खुशीने आली’ हे पुष्कळ आरोपींच्या तोंडी असलेले उत्तर, तेवढेच असेल तर, न्यायालयात टिकत नाही.

मग निर्दोष मनुष्याने बोलावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर एका क्रियापदात आहे, आणि ते क्रियापद म्हणजे ‘नेणे’. मद्रास शहरातील एका खटल्याने त्याचा अर्थ कायमचा उजळून काढला. तो थोड्या विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

ही हकीकत १९६० सालची. सरकारी कचेरीत वरच्या हुद्द्यावर असलेल्या एका गृहस्थाची मुलगी महाविद्यालयात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. शेजारच्या घरातील एका तरुणाशी तिचे बोलणे-चालणे वाढले. एके दिवशी थोरल्या बहिणीने कारण विचारताच, आपल्याला त्याच्याशीच लग्न करावयाचे आहे, असे तिने स्पष्ट सांगितले. वडिलांनी त्याच दिवशी तिला एका नातेवाइकाच्या घरी नेऊन ठेविले. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबर रोजी सकाळी दहाच्या सुमारास, ती त्या घरातून एकटी निघाली, तिने त्या तरुणास टेलिफोन केला आणि अमुक रस्त्यावर भेटावयास सांगितले. तो मोटार घेऊन आला. दोघे रजिस्ट्रारच्या कचेरीत गेले, लग्नाच्या कराराची नोंदणी झाली, आणि पुढे गावोगाव हॉटेलांत राहात असताना पोलिसांनी त्यांना तंजावर येथे गाठले. मुलीचा जन्म १३ नोव्हेंबर १९४२ चा. म्हणजे अठरा वर्षे पुरी होण्यास अवघे सहा आठवडे उरले होते! दीड महिना थांबली असती तर हा खटलाच उभा राहिला नसता.

खालच्या न्यायालयाने तरुणास एक वर्षाची सक्तमजुरी दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. व्याख्येचे शब्द पाहता यात नवल नव्हते. मुलगी अज्ञान, वडिलांची संमती नाही, आणि दोघे एकत्र सापडलेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे ९ सप्टेंबर १९६४ रोजी निकाल लागला आणि आरोपी सुटला. वकिलांच्या बोलण्यात तो ‘वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य’ या नावाने येतो. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकर हे होते.

त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, अज्ञान व्यक्तीला नेणे आणि तिला आपल्याबरोबर येऊ देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मुलीने आपण काय करीत आहोत हे पुरते समजून, स्वतःच्या निश्चयाने घर सोडले आणि नंतर ती आरोपीस येऊन मिळाली, तर त्याने तिला पालकाच्या ताब्यातून ‘नेले’ असे म्हणता येत नाही. त्याने काहीतरी अधिक केल्याचा पुरावा पाहिजे. आमिष, आग्रह, वचन, किंवा घर सोडण्याचा तिचा बेत तयार करण्यात त्याचा प्रत्यक्ष वाटा, यांपैकी काही दिसले पाहिजे. बाहेर पडल्यावर तिला साथ देणे, गावोगाव घेऊन हिंडणे, परत जा असे न सांगणे, हे सारे तिचा बेत तडीस जाण्यास साह्यभूत झाले असेल, परंतु ते भुलविणे नव्हे. ‘तिला घरी पोचविणे त्याचे कर्तव्य नव्हते काय?’ असे कोणी संतापून विचारील. नीतिदृष्ट्या होते, असे पुष्कळांना वाटेल, आणि वाटणे गैर नाही. पण नीतीने जे करावयास हवे ते न केल्याबद्दल तुरुंग देणे हे त्या कलमाचे काम नाही.

या निर्णयाचा आधार घेऊन कोणीही सुटेल, असे मात्र समजू नये. मुलगी शहरात वाढलेली, सुशिक्षित आणि सज्ञानतेच्या उंबरठ्यावरची होती, हे न्यायालयाने मुद्दाम नमूद केले आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने ‘मी आपण होऊन आलो’ म्हणण्यास तसे मोल नाही. शिवाय आमिष त्याच दिवशी दाखविले पाहिजे असेही नाही. १९७३ साली गुजरातमधील एक खटला याच न्यायालयापुढे आला. त्यात एका कारखानदाराने शाळकरी मुलीस भेटवस्तू देऊन, गोड बोलून दीर्घकाळ आपल्याकडे ओढले होते. शेवटी ती आपल्या पायांनी त्याच्या दारी आली. परंतु त्या पावलांना वळण कोणी लाविले, हे न्यायाधीशांनी पाहिले आणि त्याची शिक्षा कायम ठेविली. तेव्हा बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न ‘ती कशी आली’ एवढाच असून भागत नाही. तिच्या मनात हा बेत कोणी पेरला, येथपासून त्यास सुरुवात करावी लागते.

दुसरे नित्याचे उत्तर म्हणजे, ‘ती मोठी वाटली’. हे फार जुने आहे. १८७५ साली इंग्लंडात प्रिन्स नावाच्या मनुष्यावर सोळा वर्षांखालील मुलीस तिच्या बापाच्या ताब्यातून नेल्याचा आरोप होता. मुलगी चौदा वर्षांची, पण दिसावयास थोराड, आणि तिने स्वतःच आपले वय अठरा सांगितले होते. त्याने ते खरे मानले आणि तसे मानणे वाजवी होते, हे ज्यूरीनेही मान्य केले. तरी सोळा न्यायाधीशांपैकी पंधरा जणांनी त्यास दोषी ठरविले. दुसऱ्याची मुलगी बापाच्या नकळत नेणाराने वयाची जोखीम आपल्या शिरावर घेतली, असा त्यांचा एकंदर रोख होता. आपल्याकडील न्यायालयेही या बाबतीत त्याच वाटेने गेली आहेत.

परंतु वयाविषयी भ्रम होता असे म्हणणे वेगळे, आणि वय सिद्धच झाले नाही असे म्हणणे वेगळे. हे दुसरे उत्तर खरोखर बळकट आहे, कारण वय सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. शाळेत आयुष्य घालविलेल्या कोणासही येथे किंचित हसू येईल. जुन्या हजेरीपटांत १ जून या तारखेस जन्मलेल्या मुलांची केवढी दाटी असे! आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, आणि मास्तर अंदाजाने वर्ष मांडून दाखला पुरा करीत. त्या वेळी ती सोय होती. पुढे तीच तारीख एखाद्याच्या तुरुंगाचा प्रश्न ठरवील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९८८ मध्ये एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याच्या माहितीवरून जन्मतारीख लिहिली तो मनुष्य पुढे आल्यावाचून शाळेच्या नोंदीस पुराव्याचे मोल येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी. यात नुसता शाळा सोडल्याचा दाखला बसत नाही, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. हाडांवरून काढलेल्या वयात दोन वर्षांचा फरक कोणत्याही बाजूस पडू शकतो, हे १९८२ पासून मान्य आहे. सतरा की एकोणीस, हे अशा वेळी कोण छातीठोकपणे सांगणार?

तिसरा प्रकार सर्वांत कष्टदायक. तेथे फिर्यादी आणि आरोपी एकाच मुलाचे आईबाप असतात. नवराबायकोचे बिनसते, मूल एकाकडे राहते, आणि दुसरा एके दिवशी त्यास उचलून घेऊन जातो. हे पळविणे होय काय? १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलाचा बाप हा नैसर्गिक पालक आहे, मात्र पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असेही त्यात म्हटले आहे. अमरावतीच्या अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बापावरील फिर्याद रद्द केली. न्यायालयाचा मनाई हुकूम नसताना एका कायदेशीर पालकाने दुसऱ्याकडून मूल नेले तर हा गुन्हा होत नाही, असा त्याचा आशय आहे. मात्र ताबा कोणाकडे राहावा हे न्यायालयाने एकदा ठरविले की चित्र पालटते. हुकूम मोडून मूल नेणाऱ्या बापास बापपणाची ढाल पुरत नाही. मुलाचा ताबा आपल्या हक्काचा आहे अशा प्रामाणिक समजुतीने नेणाऱ्यास कायद्याने सूट ठेविली आहे, पण ती समजूत प्रामाणिक होती हे दाखविणे त्याच्याकडे असते, आणि हेतू अनैतिक वा बेकायदा असेल तर सूट उरत नाही.

जत्रेत चुकलेले, रडणारे पोर हाताशी धरणाऱ्या भल्या माणसासही या कायद्याची धास्ती वाटते. त्याचा बचाव त्याच्या पुढच्या अर्ध्या तासात असतो. त्याने मुलास सरळ पोलीस चौकीवर नेले, किंवा १०९८ या क्रमांकावर कळविले, की त्याच्या मनात काय होते हे आपोआप सिद्ध होते. तेच मूल दोन दिवस घरी ठेवून घेतले, तर चांगुलपणा शाबीत करण्यास साक्षीदार धुंडाळावे लागतात.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. पळविल्याच्या आरोपातून सुटका झाली तरी, अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध आला असेल तर २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा निराळा खटला उभा राहतो, आणि त्यात मुलीची संमती मुळीच विचारात घेतली जात नाही. मद्रासच्या त्या तरुणाचा दाखला तेथे उपयोगी पडत नाही.

अशा खटल्यात मुलीचा दंडाधिकाऱ्यापुढे नोंदविलेला जबाब हा बचावाचा मोठा आधार असतो, आणि तो ती घरी परतून आईबापांच्या छायेत किती दिवस राहिल्यावर नोंदविला गेला, हे वकील प्रथम पाहतो. त्याच्या खालोखाल चिठ्ठ्या, प्रवासाची तिकिटे, हॉटेलाच्या वहीतील सह्या. १ ऑक्टोबर १९६० च्या त्या सकाळी टेलिफोन मुलीने केला होता, तरुणाने नव्हे, या एका गोष्टीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा सारा वाद पुष्कळसा उभा होता. आज प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे, आणि कोणी कोणास किती वाजता हाक दिली हे कंपनीच्या नोंदीत मिनिटागणिक उतरलेले असते.