मांद्र्याच्या डॉक्टरांचा न छापलेला निबंध



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी जे पुढे शिकवायला किंवा संशोधनाला जातील, त्यांना मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जाईल, पेपर किती? मग त्याच्या पाठोपाठ, सायटेशन्स, म्हणजे तुमच्या कामाचे इतरांनी केलेले उल्लेख, किती आणि एच-इंडेक्स किती? औषधशास्त्र, परिचर्या, जीवरसायन, कुठल्याही वाटेनं गेलात तरी हे आकडे तुमच्या नावाला चिकटणार आहेत. म्हणून आज मुरगावात मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. सुरुवात मात्र आपल्याच गोव्याच्या एका डॉक्टरांपासून करतो.

पेडण्यातलं मांद्रे हे त्यांचं गाव. नाव रामकृष्ण विठ्ठल लाड, पण साऱ्यांना माहीत आहेत ते डॉ. भाऊ दाजी म्हणून. लहानपणीच ते मुंबईला गेले आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत होते. मुंबईचे शेरीफ दोनदा झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. हे सगळं पुस्तकांत मिळतं. मला सांगायचं आहे ते त्यांच्या एका औषधाबद्दल.

डिचोली-सत्तरीकडच्या मुलांना खष्टाचं झाड दाखवायला नको. महाराष्ट्रात त्याला कडू कवठ म्हणतात. ओढ्याकाठी, दाट सावलीत ते वाढतं. फळाचं कवच टणक, वर तपकिरी लव. फोडलं की गरात एकमेकींना चिकटून बसलेल्या बिया दिसतात. त्या वाळवून घाण्यात घातल्या की पिवळसर तेल निघतं, थंडीत ते थिजतं. आपल्या घरांतून पूर्वापार हे तेल त्वचेच्या विकारांवर लावत आले आहेत. भाऊंनी या तेलाचा उपयोग कुष्ठरोगावर केला. ज्या रोग्याला घरच्यांनीही दूर लोटलेलं असे, अशा रोग्यांना त्यांनी आपल्या हातानं तपासलं, औषध दिलं, आणि त्यांच्या उपचाराची कीर्ती मुंबईबाहेर गेली.

पण उपचाराचा तपशील त्यांनी हयातीत जाहीर केला नाही. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. मात्रा किती, किती महिने, कोणत्या अवस्थेतल्या रोग्याला गुण आला आणि कोणाला आला नाही, हे दुसऱ्या डॉक्टरानं पडताळून पाहावं असा एकही छापील निबंध मागे राहिला नाही.

याच माणसानं १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयी आणि ग्रंथांविषयी निबंध छापला. आर्यभटाच्या नावावर खपणारे ग्रंथ कोणते आणि खरा आर्यभटीय कोणता, याचा उलगडा करणाऱ्या पहिल्या लिखाणांपैकी तो एक. गणिताचा इतिहास लिहिणारे आज १६० वर्षांनंतरही त्याचा हवाला देतात. तेच भाऊ, तीच बुद्धी, तीच मेहनत. एक काम छापलं गेलं आणि टिकलं. दुसरं, ज्याच्यावर माणसांचे जीव अवलंबून होते, ते त्यांच्याबरोबर गेलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि भाऊंबद्दलचा माझा आदर त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

आता त्याच काळात कलकत्त्याला काय झालं ते पाहा. फ्रेडरिक मोआट या डॉक्टरानं १८५४ साली ‘इंडियन अॅनल्स ऑफ मेडिकल सायन्स’मध्ये चौलमुग्रा तेलावर टिपण छापलं. हे तेल खष्टाच्या जवळच्या भाऊबंद झाडाचं. तेव्हा वैद्यकविश्वात समज असा होता की, ते गायनोकार्डिया नावाच्या झाडापासून निघतं. समज चुकीचा होता. पण गोष्ट छापलेली असल्यामुळे ती तपासता आली. एकोणिसावं शतक सरता सरता वनस्पतिशास्त्रज्ञांनी खरं झाड शोधून काढलं. १९०४ मध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी तेलातलं आम्ल वेगळं केलं. पोटातून घेतलं तर मळमळ आणि टोचलं तर असह्य वेदना, अशी या तेलाची अडचण होती. हवाईतल्या अॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीनं त्यावर तोड काढली, तेल टोचता येईल अशा रूपात आणलं. १९१६ च्या शेवटी, अवघ्या २४ व्या वर्षी ती गेली, आणि तिचं काम तिचं नाव न घेता दुसऱ्यानं छापलं. १९२२ साली एका सहकारी डॉक्टरानं ‘बॉलची पद्धत’ असं छापून लिहिलं, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत जगभरच्या कुष्ठालयांत हेच तेल वापरलं जात होतं. त्याचा गुण मर्यादित होता, हेही तपासणीतूनच कळलं.

दुसऱ्याच्या कामाचा उल्लेख आपण का करतो, हे या दोन तेलांच्या हकिगतीतून मला समजलं. उल्लेख म्हणजे ऋण मान्य करणं, आणि त्याचबरोबर वाचणाऱ्याला मागे जाऊन तपासायची वाट दाखवणं. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा हेतू हाच होता. खोटी, अपुरी, कालबाह्य माहिती लोक डोळे मिटून वापरतात. एखाद्या जुन्या निबंधावर नंतर कोणी काय टीका केली, हे अभ्यासकाला एका जागी दिसावं. माणसांची वर्गवारी लावायला ती सूची काढलेली नव्हती. ती वर्गवारी नंतर आली. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला. तुमचा एच-इंडेक्स दहा आहे याचा अर्थ एवढाच, की तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला आहे. तो उल्लेख कौतुकानं झाला की खोडून काढण्यासाठी, हे त्या आकड्यात नाही. मूळ पेपर उल्लेख करणाऱ्यानं वाचला होता का, हेही नाही.

न वाचता केलेल्या उल्लेखाची किंमत केवढी असू शकते, ते ऐका. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. बोस्टनच्या दोघांनी लिहिलं होतं की, रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली. पत्र प्रामाणिक होतं, ते दाखल रुग्णांपुरतं होतं. पण पुढे वर्षानुवर्षं त्याचा हवाला देऊन सांगितलं गेलं की, ही औषधं घरी, महिनोन्‌महिने घेतली तरी व्यसनाची भीती नाही. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या उल्लेखांचा हिशेब छापला गेला. एकूण ६०८ उल्लेख, आणि त्यांतल्या पाचांपैकी चार लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते एवढी साधी गोष्टही सांगितली नव्हती. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनानं लाखो माणसं गेली. त्याला कारणं अनेक, पण पाच वाक्यं वाचायचेही कष्ट न घेतलेल्या लोकांचा त्यात वाटा आहे. तुमच्या पेपराखाली संदर्भांची यादी असेल, तिच्यातला प्रत्येक निबंध तुम्ही स्वतः, पूर्ण वाचलेला असला पाहिजे. यात सूट नाही.

आता जवळच्या कामाकडे येतो. डॉ. विक्रम पटेल यांचं नाव मानसिक आरोग्यावर लिहिणाऱ्या जगातल्या कुठल्याही संदर्भयादीत सापडतं. ‘संगात’ ही संस्था त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ मध्ये गोव्यातच उभी केली. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या गटाचा ‘मानस’ अभ्यास आला. गोव्यातली २४ ठिकाणं घेतली होती, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रं, निम्मे खासगी दवाखाने. निम्म्या जागी डॉक्टरांच्या जोडीला वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशक बसवल्या. झोप येत नाही, अंग दुखतं, जीव घाबरतो म्हणून केस पेपर काढून बाकावर बसलेल्या बाईशी त्या बोलायच्या, समजावून सांगायच्या, पुन्हा बोलवायच्या. सहा महिन्यांनी मोजलं. सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, इतरांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, ६४.१ आणि ६५.९ टक्के. मला या पेपरातली सर्वांत मोलाची जागा हीच वाटते. जिथे उपाय चालला नाही, तो आकडाही त्याच तक्त्यात, तेवढ्याच ठळकपणे छापला आहे. म्हणून इतरांनाही ठरवता येतं की हे काम सुरू करायचं ते सरकारी केंद्रापासून. या पेपराचे उल्लेख भरपूर झाले. ते मिळवावे लागले नाहीत, ज्यांना काम करायचं होतं त्यांना त्याची गरज पडली.

आणि मोठी संस्था पाठीशी नसेल तर? महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवा. विंचूदंशानं दगावणारी कोकणातली मुलं त्यांनी १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहिली. रात्ररात्र उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून ठेवला, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि जे दिसलं ते ‘लॅन्सेट’ला लिहून पाठवलं. नियतकालिकानं ते छापलं, कारण असं निरीक्षण लंडनमध्ये बसून कोणाला करता येणारच नव्हतं.

तुम्हाला पैसे भरले की पंधरा दिवसांत काहीही छापून देणारी नियतकालिकं भेटतील. बढतीला पेपर हवा म्हणून कोणी तरी ‘तुझं नाव माझ्या पेपरात घालीन, तू माझं तुझ्यात घाल’, असंही म्हणेल. नाही म्हणा. पहिल्या वर्षी नाही म्हणणं सर्वांत अवघड जातं, पण तेव्हाच म्हणायचं असतं.

आणि लिहा. इथेच लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. मुरगाव बंदरातल्या कोळशाच्या धुळीबद्दल वास्कोकर वर्षानुवर्षं तक्रार करत आहेत. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या घरांनी लाल धूळ पिढ्यान्‌पिढ्या झाडली आहे. खोकल्याची औषधं कुठल्या वाड्यावर जास्त खपतात, कुठल्या महिन्यात, कोणत्या वयाच्या माणसांना, हे फार्मसीच्या काउंटरवर बसणाऱ्याला रोज दिसतं. परिचारिकेला तर त्याहून जास्त दिसतं. तारीख, वय, राहण्याचा वाडा, काम, लक्षण, किती दिवस. एवढे सहा रकाने एका वहीत आखा. रुग्णाची संमती घ्या, नाव बाहेर जाऊ देऊ नका. वर्षभर न चुकता भरा, मग संख्याशास्त्र जाणणाऱ्या शिक्षकांकडे घेऊन जा. काही निघालं नाही, तर काही निघालं नाही असं लिहा. ज्या आशा सेविकेच्या मदतीनं नोंदी झाल्या तिचं नाव लेखकांच्या यादीत घाला, तळटीपेत नव्हे.

हे सोमवारपासून सुरू करता येईल. तुमच्या पहिल्या निबंधाची प्रत मला पाठवलीत तर मी ती संदर्भांसकट वाचेन आणि चूक दिसली तर कळवीन.